बिल ठेवा, बाकीचं पुसा

गिऱ्हाईक दुकानाला किंवा ॲपला लिहितं, 'माझं खातं बंद करा, माझी सगळी माहिती काढून टाका.' आठ-दहा दिवसांनी उत्तर येतं, 'कायदेशीर बंधनांमुळे आपल्या व्यवहारांची माहिती आम्हाला जतन करावी लागते.' हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. कायदा एक कागद जपायला सांगतो आणि त्या कागदाच्या आडून दुकान अख्खी फाईल जपतं. जतनाचं बंधन एका ठरावीक नोंदीवर, ठरावीक कारणासाठी आणि ठरावीक तारखेपर्यंत असतं. त्या नोंदीपलीकडचं जे काही उरतं, ते मागणी होताच पुसलं गेलं पाहिजे आणि का पुसलं नाही याचा जाब दुकानाने द्यायला हवा.

आधी दुकानाची बाजू, कारण ती खरी आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. हिशेब करून पाहा. ऑक्टोबर २०२५ मधल्या दिवाळीत एक मिक्सर घेतला. ही विक्री २०२५-२६ या आर्थिक वर्षातली. त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२६. तिथून ७२ महिने मोजले की ३१ डिसेंबर २०३२ उजाडतो. मिक्सर मोडीत निघेल, बिल मात्र सात वर्षांहून जास्त काळ दुकानात राहील. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत निकालानंतर आणखी एक वर्षापर्यंत लांबू शकते. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून दुकानदाराने हे बिल नष्ट केलं तर तोच गोत्यात येईल. तशी मागणी कुणी करूही नये.

पण त्या बिलावर काय असावं लागतं, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जीएसटी नियमावलीचा नियम ४६ सांगतो की नोंदणी नसलेल्या, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्या, गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या बिलावरच सक्तीचे आहेत. त्याखाली गिऱ्हाइकाने स्वतः मागितलं तरच नाव टाकायचं. २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला तर, गिऱ्हाइकाने बिल मागितलं नाही, तर स्वतंत्र बिलाचीही गरज नाही. दिवसाअखेरीस एकत्र बिल चालतं. मोबाइल क्रमांकाचा या यादीत उल्लेखच नाही. सरकारला जाणाऱ्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातही किरकोळ गिऱ्हाइकांची विक्री कराच्या दरानुसार बेरीज करून जाते, त्यात नावं नसतात. ८०० रुपयांच्या शर्टाच्या बिलावर मोबाइल क्रमांक आहे, तो करखात्याने मागितलेला नाही. तो गल्ल्यावर मागितला गेला, बिलिंगच्या सॉफ्टवेअरने त्या रकान्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, आणि आता तोच क्रमांक 'कराच्या नोंदीचा भाग' म्हणून सात वर्षं बसून राहणार. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नका, असं किरकोळ विक्रेत्यांना बजावलं होतं. मोठ्या दुकानांत आजही रांगेतला पहिला प्रश्न 'नंबर सांगा' हाच असतो.

औषधाच्या दुकानाचं उदाहरण यापेक्षा नाजूक आहे. शेड्यूल एच-१ या औषध नियमांतल्या यादीतली औषधं विकताना दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. हे बंधन योग्य आहे, प्रतिजैविकांचा बेसुमार खप रोखण्यासाठीच ते आलं. पण मोबाइल क्रमांक तिथेही लागत नाही. 'तुमच्या शुगरच्या गोळ्या संपत आल्या असतील' असा निरोप महिन्याला पाठवायला तो क्रमांक लागतो, आणि निरोपाच्या यादीला एच-१ ची वही कारण म्हणून दाखवता येत नाही.

आता कार्डाकडे येऊ. दुकानाकडे आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक असतो, ही समजूत भारतापुरती तरी जुनी झाली. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये विक्रेत्यांना कार्डाची माहिती साठवायला मनाई केली, मुदती वाढत गेल्या, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी यांच्याशिवाय कुणालाही पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. दुकानाकडे उरतं ते टोकन. हा बदली क्रमांक त्या कार्डाच्या आणि त्या दुकानाच्या जोडीपुरताच चालतो, दुसरीकडे चोरून वापरता येत नाही. शिवाय हिशेब जुळवण्यासाठी शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव ठेवायची मुभा आहे. कार्ड न साठवता एकदाच पैसे भरले, तर व्यवहारानंतर चार दिवस किंवा त्या पैशांचा दुकानाशी हिशेब चुकता होणं, यातलं जे आधी घडेल तोवरच तो क्रमांक ठेवता येतो. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यानंतर साठवायचाच नाही, हा जगभरच्या कार्डउद्योगाचा नियम आहे.

आपल्याकडच्या नियमनातलं हे खरोखर चांगलं काम आहे. सुरुवातीला विक्रेत्यांनी आरडाओरडा केला, धंदा बसेल असं सांगितलं. धंदा बसला नाही. गिऱ्हाइकाची माहिती हाताशी नसली तरी दुकान चालतं, याचा याहून मोठा पुरावा शोधायची गरज नाही.

तरीही दोन वाटा उघड्या राहिल्या. पहिली वाट जुन्या साठ्याची आहे. काही संगणकप्रणालींत जुने कार्डक्रमांक 'हॅश' करून, म्हणजे उलट न फिरवता येणाऱ्या गणिती खुणेत बदलून, ठेवलेले असतात आणि 'आमच्याकडे क्रमांक नाही' असं सांगितलं जातं. हा दावा तपासायला शाळेतलं गणित पुरतं. कार्डाचे १६ अंक. पहिले सहा बँकेवरून कळतात, शेवटचे चार त्याच तक्त्यात शेजारी लिहिलेले असतात. उरले सहा, म्हणजे १० लाख शक्यता. त्यातही शेवटचा अंक पडताळणीचा असल्याने खरोखर जुळू शकणाऱ्या फक्त एक लाख. साधी, गुप्त किल्ली न वापरता केलेली हॅश असेल, तर या लाखभर शक्यता साधा संगणकही डोळ्याचं पातं लवतं तोवर तपासून मूळ क्रमांक काढतो. अशा खुणेला पुसलेली माहिती म्हणता येत नाही.

दुसरी वाट यूपीआयची, आणि ती रोजची आहे. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे दिले की दुकानदाराच्या विवरणात पैसे देणाऱ्याचं नाव आणि यूपीआय आयडी येऊ शकतो. अनेकांचा आयडी म्हणजे मोबाइल क्रमांक आणि पुढे बँकेची खूण. गल्ल्यावर 'नंबर देणार नाही' असं ठामपणे सांगून आलेलं गिऱ्हाईक पैसे देताना तोच नंबर देऊन जातं. कार्डासाठी जशी स्पष्ट मनाई आहे, तशी या आयडीसाठीही व्हायला हवी. आजच्या घडीला करता येण्यासारखं एवढंच की आपल्या यूपीआय ॲपमध्ये मोबाइल क्रमांक नसलेला वेगळा आयडी करून घ्यायचा आणि तोच पुढे ठेवायचा.

मग दुकानं इतकं का साठवतात? पहिलं कारण परताव्याचं दिलं जातं. पैसे परत करायचे तर ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने करायचे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. पण त्यासाठी पेमेंट कंपनीकडचा व्यवहार क्रमांक पुरतो. तो दिला की पैसे मूळ कार्डावर किंवा खात्यावर आपोआप जातात. दुकानाला ना कार्ड लागतं ना यूपीआय आयडी. दुसरं कारण चार्जबॅकचं, म्हणजे 'हा व्यवहार मी केलाच नाही' किंवा 'माल आलाच नाही' अशा बँकेकडे केलेल्या तक्रारीचं. हे कारण वजनदार आहे. कार्डकंपन्यांच्या नियमांत अशी तक्रार साधारण १२० दिवसांत करायची असते. माल किंवा सेवा पुढच्या तारखेची असेल, जसं विमानाचं तिकीट, तर ही मर्यादा ५४० दिवसांपर्यंत ताणली जाते. तोवर दुकानाकडे माल पोचवल्याचा पुरावा हवाच. पण या कारणाला स्वतःची मुदत आहे. तीन वर्षांपूर्वीच्या चपलांचा पोच-पत्ता चार्जबॅकसाठी ठेवला आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते पटण्यासारखं नाही.

खरं कारण कायद्यातही सापडत नाही आणि हिशेबातही नाही. ठेवणाऱ्याला काही भोगावं लागत नाही, पुसणाऱ्याला मात्र लागू शकतं. माहिती पुसली आणि उद्या ऑडिटमध्ये कुणी मागितली तर पुसणारा कर्मचारी सापडतो. ठेवली आणि पाच वर्षांनी चोरीला गेली तर ठेवण्याचा निर्णय कुणी घेतला होता, हे कुणालाच आठवत नाही. कारण तसा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला दुकानदार नवी वही घालायचा आणि जुनी बांधून माळ्यावर जायची. वही संपायची, म्हणून ती बंद करायची वेळ यायची. संगणकातली वही संपतच नाही. त्यात भर पडते जाहिरातींच्या यादीची. दहा वर्षांची खरेदी एका क्रमांकाशी जोडलेली असेल तर घरात बाळ कधी आलं, कुणाला मधुमेह आहे, कुठल्या महिन्यापासून पैशांची ओढाताण सुरू झाली, हे सगळं त्या यादीतून वाचता येतं. दुकानाच्या लेखी ही यादी मालमत्ता असते. दुकानाची साखळी विकली जाते तेव्हा यादीही नव्या मालकाच्या हाती जाऊ शकते.

याची किंमत काय पडते, हे अमेरिकेतल्या टीजेएक्स या कपड्यांच्या दुकानसाखळीने दाखवून दिलं. तिच्या यंत्रणेत झालेली घुसखोरी जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाली आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक गेल्याचं पुढे आलं. त्यातले बरेच व्यवहार जुने होते, ते साठवून ठेवायचं काही कारणच नव्हतं. या साखळीची दुकानं कॅनडातही होती. तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी चौकशी करून त्याच वर्षी ठपका ठेवला की कंपनीने गरजेपेक्षा जास्त माहिती घेतली आणि गरजेपेक्षा जास्त काळ ठेवली. पावतीशिवाय माल परत करणाऱ्यांकडून ती वाहन परवान्याचा क्रमांकही घेत असे. पुन्हापुन्हा माल परत करून फसवणारे ओळखावेत, असं त्यामागचं कारण होतं. त्यावर निघालेला तोडगा लक्षात ठेवण्यासारखा आहे: परवान्याचा क्रमांक घेताच त्याचं एका वेगळ्या ओळखक्रमांकात रूपांतर करायचं आणि मूळ क्रमांक ठेवायचाच नाही. फसवणूक ओळखण्याचं काम तसंच चालू राहतं.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि अधिसूचनेप्रमाणे गिऱ्हाइकाच्या हक्कांची कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. कलम १२ माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं. त्याला अपवाद दोनच: माहिती ज्यासाठी घेतली ते काम अजून बाकी असेल, किंवा दुसऱ्या कुठल्या कायद्यासाठी ती ठेवणं आवश्यक असेल. 'आवश्यक' हा शब्द मोलाचा आहे. सोयीसाठी किंवा सवयीपोटी ठेवलेली माहिती त्यात बसत नाही. कलम ७ खालचं एक उदाहरण तर नेमकं औषधाच्या दुकानाचं आहे: गिऱ्हाईक पैसे देतं आणि पावती मोबाइलवर पाठवा म्हणतं, तर दुकानाने ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरावी. पावती गेली की काम संपलं. संसदेने इतकं सोपं उदाहरण कायद्यातच लिहून ठेवलं असताना सणाच्या जाहिराती त्याच क्रमांकावर पाठवायचा आधार दुकानाने कुठून आणायचा?

या कायद्याच्या नियमांत मात्र माझ्या मते तीन ठिकाणी घोळ झाला आहे. विक्रेत्यांपैकी विशिष्ट मुदतीने माहिती पुसण्याची सक्ती दोन कोटी किंवा त्याहून जास्त नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन विक्रेत्यांवरच आहे: गिऱ्हाईक तीन वर्षं फिरकलं नाही तर ४८ तास आधी सूचना देऊन माहिती पुसायची. शहरातल्या दहा शाखांच्या कपड्यांच्या किंवा सोन्याच्या दुकानाला अशी आकड्यातली मुदत नाही. दुसरं, नियम ८ मध्ये माहिती आणि ती कशी हाताळली याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद आली आहे, ती सरकारी यंत्रणांना लागली तर मिळावी म्हणून. पुसण्याचा हक्क द्यायचा आणि त्याच नियमावलीत सगळ्यांची माहिती वर्षभर अडकवून ठेवायची, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. तिसरं, 'पुसत नाही' असं उत्तर देताना कुठला रकाना, कुठल्या कायद्याखाली, कुठल्या तारखेपर्यंत, हे सांगण्याचं बंधन स्पष्ट शब्दांत नाही. युरोपातल्या माहिती संरक्षण कायद्यात (जीडीपीआर) कलम १८ खाली मधला मार्ग आहे. त्यातल्या अटींत प्रकरण बसत असेल तर माहिती ठेवा पण वापरू नका, कुलूप लावा, असं ग्राहक सांगू शकतो. जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा मार्ग आहे, पुण्यातल्या माणसाला नाही.

दुकानदार म्हणेल, हे सगळं मोठ्या कंपन्यांना जमेल, माझ्याकडे एक संगणक आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे माहिती न घेणं. ५०,००० रुपयांखालच्या विक्रीला 'रोख विक्री' हे एकच खातं वापरायचं, मोबाइलचा रकाना ऐच्छिक करून घ्यायचा. जे घेतलंच नाही ते पुसावं लागत नाही. फोनच्या दुकानांत हप्त्यावर माल देताना पॅन, आधार आणि रद्द केलेला धनादेश यांचे फोटो विक्रेत्याच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मागवले जातात. कर्ज मंजूर होऊन कागद वित्तकंपनीकडे गेले की ते फोटो फोनमधून, गॅलरीतून आणि संगणकावरच्या डाउनलोडच्या फोल्डरमधूनही काढायचे. कर्जाची कागदपत्रं जपणं वित्तकंपनीचं काम आहे, काउंटरवरच्या पोराचं नव्हे.

ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांची यादी आहे त्यांनी बिलांचा तक्ता आणि माणसांचा तक्ता वेगळा ठेवायचा. पुसण्याची विनंती आली की बिल तसंच राहू द्यायचं आणि माणसांच्या तक्त्यातलं नाव, नंबर, जन्मतारीख, ईमेल, टोकन काढायचं. इथे तीन चुका हमखास होतात. सॉफ्टवेअरमधलं 'डिलीट' बऱ्याचदा फक्त 'दाखवू नका' अशी खूण करतं, नोंद जागेवरच राहते. विक्रेत्याला लेखी विचारून खात्री करावी. दुसरी चूक बॅकअपची. बॅकअपमधून एक माणूस वेचून काढणं अवघड असतं हे मान्य, पण पुसलेल्यांच्या अंतर्गत क्रमांकांची यादी वेगळी ठेवायची आणि बॅकअप परत चढवला की ती यादी पुन्हा चालवायची. नाहीतर पुसलेली माणसं एका रात्रीत परत येतात. तिसरी चूक जुन्या एक्सेल शीटची. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे, पॉइंट सांभाळणाऱ्या कंपनीकडे आणि शाखेच्या मॅनेजरकडे तीच यादी असते. या कंपन्यांकडूनही माहिती पुसून घेणं ही नव्या माहिती संरक्षण कायद्याने दुकानाचीच जबाबदारी आहे.

गिऱ्हाइकाने क्रम सांभाळावा, कारण खातं आधी बंद केलं तर आत जाऊन काही रद्द करता येत नाही. आधी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेच्या, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप पैसे कापण्याच्या, परवानग्या रद्द कराव्या आणि कार्डावर घेतलेल्या आवर्ती परवानग्या बँकेकडून. त्यासाठी दुकानाची संमती लागत नाही. मग टोकन काढावं: दुकानाच्या ॲपमधून, किंवा थेट बँकेकडून. कुठल्या दुकानांत आपलं कार्ड टोकन करून ठेवलं आहे याची यादी दाखवणं आणि ते काढू देणं, हे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. मग बिलं डाउनलोड करून घ्यावी, वॉरंटीसाठी ती लागतील. त्यानंतर खातं बंद करण्याची विनंती लेखी करावी आणि तीत 'सगळं पुसा' असं मोघम न लिहिता रकाने मोजून लिहावे: मोबाइल, ईमेल, जन्मतारीख, पत्ते, टोकन, यूपीआय आयडी, खरेदीचा इतिहास, जाहिरातींची यादी, तुम्ही ज्यांना दिली त्या कंपन्या. जे ठेवणार त्याचं कलम आणि शेवटची तारीख मागावी. नवी कलमं लागू होईपर्यंत २०११ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेतच. त्यांत कार्ड आणि बँक खात्याची माहिती संवेदनशील मानली आहे आणि कामापुरतीच ठेवायची असं स्पष्ट म्हटलं आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. टोकन काढायला बँकच टाळाटाळ करत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल.

दुकानाकडून अपेक्षित उत्तर फार मोठं नाही. 'आपलं ऑक्टोबर २०२५ चं मिक्सरचं बिल जीएसटी कायद्याच्या कलम ३६ खाली ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत फक्त हिशेब विभागाकडे राहील. आपला मोबाइल क्रमांक, ईमेल, जन्मतारीख आणि कार्डाचं टोकन आज काढलं. एसएमएस कंपनीकडची नोंद सात दिवसांत जाईल, बॅकअपमधली ९० दिवसांत. एक जानेवारी २०३३ ला बिलही जाईल.' चार वाक्यं आहेत. ज्या दुकानाला ती लिहिता येत नाहीत, त्याला आपल्याकडे काय साठलं आहे हेच ठाऊक नसण्याची शक्यता जास्त.